फेब्रुवारीची खाच

सांडूला उभ्या जन्मात कुणी घड्याळाची किंमत विचारली नव्हती. लोक यायचे, घड्याळ काउंटरवर ठेवायचे अन् दोनच गोष्टी विचारायचे: चालंल का, अन् कधी देता. पहिल्याला सांडू म्हणायचा ‘चालंल’, दुसऱ्याला ‘बुधवारी या’. बुधवार कोणता, ते मात्र सांगायचा नाही. शहागंजातल्या त्या साडेतीन फुटी दुकानात पंचेचाळीस वर्षं त्यानं ह्या दोन उत्तरांवर काढली होती.

म्हणून मंगळवारी सकाळी पुंजारामनं रजईत गुंडाळलेलं लांबट धूड काउंटरवर ठेवलं अन् म्हणाला, “सांडूभाऊ, ह्याची किंमत लिहून द्या, शिक्क्यासकट,” तेव्हा सांडू गडबडला.

“शिक्का पावतीवर मारायचा हाये एक. पण त्यानं किंमत थोडीच ठरती?”

“मारा तोच. तोंडी नको, कागद पाहिजे. रविवारी घरी बसायचं हाये आम्हाला.”

पुंजाराम म्हणजे वच्छलाबाईचा एकुलता एक पोरगा. चितेगावला कंपनीत सुपरवायझर, गावाकडं बारा एकर, अन् हर्सूलला रो-हाउस. गाव त्यांचं अन् सांडूचं एकच, फुलंब्रीच्या अलीकडलं; सांडू अजून तिथूनच बसनं ये-जा करायचा. सांडूच्या आईनं त्यांच्या खळ्यावर हयात घालवलेली. तिला पाणी वरून वाढलं जायचं. आता त्यांच्या हर्सूलच्या घरी सांडू गेला की सोफ्यावर बसतो अन् कपातून चहा पितो. पण अजूनही बसताना तो सोफ्याच्या कडेलाच टेकतो, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

रजई उघडली अन् सांडूनं घड्याळ ओळखलं. हे वच्छलाबाईच्या माहेरचं. तिचे वडील निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार होते. कुणी साहेब हैदराबादेला बदलून जाताना त्यांच्या गळ्यात घालून गेला होता म्हणे. अमेरिकेचं बनलेलं. अक्रोडाच्या लाकडाची पेटी, उंच, दोन तबकड्यांची. वरच्या तबकडीत वेळ. खालचीत एक ते एकतीस आकडे, त्यावर एकच लांब काटा, अन् मधोमध दोन बारक्या खिडक्या: एकीत वार, दुसरीत महिना. सांडूनं दोनदा त्याला तेल घातलं होतं, पण वरच्या यंत्रालाच. खालचं कधी उघडलं नव्हतं, अन् कुणी उघडायलाही सांगितलं नव्हतं.

पुंजाराम स्टुलावर बसला अन् सगळं सांगून मोकळा झाला. दहा वर्षांमागं रूपानं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, जमिनीवरचा हक्क सोडला होता. सगळ्या पोरी सोडतात तसा. सकाळी कचेरीत सही, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी साडीचोळी घेऊन सासरी. आता वच्छलाबाईनं धरून ठेवलं होतं की घड्याळ माहेरचं, म्हणजे तिचं स्वतःचं, अन् ते रूपाला जाईल. पुंजाराम आधी ‘ने’ म्हणाला होता. मग त्याच्या साडूनं मोबाइलवर असलंच एक घड्याळ दाखवलं अन् आकडा सांगितला: तीन लाख.

“म्हणून म्हणलं, आधी किंमत,” पुंजाराम म्हणाला. “जे निघंल त्याच्यात अर्धं तिचं, अर्धं माझं. तिला घड्याळ पाहिजे असंल तर अर्धे पैसे तिनं मला द्यावेत. न्यायाची गोष्ट हाये का नाय?”

सांडूनं मान हलवली. ती हो म्हणून हलली का नाही म्हणून, ते पुंजारामला कळलं नाही. सांडूलाही कळलं नाही.

रूपा घाटी दवाखान्यात नर्स होती. नवरा सहा वर्षांमागं गेलेला, पोरगी बारावीला. ती अर्धं कुठून देणार? घड्याळ बाजारात जाणार, नाहीतर पुंजारामच्या हॉलमध्ये टांगलं जाणार, एवढं सांडूला पुंजाराम गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच कळलं. म्हणजे आपण लिहिणार त्या आकड्यावर हे ठरणार. आकडा मोठा तर रूपाचं घड्याळ गेलं. आकडा छोटा तर पेशकाराचं घड्याळ भंगार ठरलं. मग खरा आकडा कोणता?

सांडूनं तपासायची आपली रीत धरली. आधी नाक. पेटीचं मागचं झाकण काढून त्यानं वास घेतला. जुन्या लाखेचा, थोडा उंदराचा. नव्या वॉर्निशचा नाही. म्हणजे पेटीला कुणी रंग दिलेला नाही. मग नख. लाकडाच्या पातळ थरावर नख फिरवलं, एका कोपऱ्यात थर सुटलेला. मग भोकं. यंत्र बदललेलं असलं की जुन्या स्क्रूची रिकामी भोकं मागं राहतात, अन् भोकं कधी खोटं बोलत नाहीत, असं त्याचे उस्ताद सांगायचे. रिकामं भोक एकही नव्हतं. पाठीच्या फळीवर छापील कागद होता, कसरीनं खाल्लेला. त्यातलं ‘न्यूयॉर्क’ अन् एक तारीख शाबूत होती. वरची काच जुनी, जराशी लाटदार. खालची नवी.

हे सगळं त्यानं वहीच्या पानावर टिपलं अन् पेन्सिल कानाला लावली. आता किंमत. पण बंद घड्याळाची किंमत सांगायची कशी? त्याची जिंदगीभराची सवय अशी की हातात आलेली वस्तू आधी चालू करायची, मग तिच्याबद्दल बोलायचं. बैल बघायला आलेला माणूस बैल उभा करून चालवून बघतो, तसं. ह्या सवयीनंच पुढचा सगळा घोटाळा केला.

त्यानं खालचं यंत्र उघडलं. मागं रुपयाएवढं पितळी चाक. त्याच्या काठावर बारा महिन्यांच्या बारा जागा. एकतीसचा महिना तिथं काठ सरळ, तीसचा तिथं लहान खाच, अन् फेब्रुवारीला खोल खाच. एक टोकदार बोट त्या काठावर घसरत फिरतं. महिना संपताना ते खाचेत जेवढं उतरंल, तेवढे दिवस ओलांडून तारखेचा काटा एकवर उडी घेतो. ज्यानं हे पहिल्यांदा योजलं त्या माणसाला सांडूनं मनातल्या मनात सलाम ठोकला.

मग हातानं तारखा पुढं ढकलत त्यानं वर्ष फिरवलं, अन् त्याचं डोकं फिरलं. जानेवारी तीसला संपला. फेब्रुवारी एकोणतीसही ओलांडून पुढं गेला. मे तीस, नोव्हेंबर एकतीस. काहीच जागेवर नव्हतं. भिंग लावून बघितलं तर फेब्रुवारीची खोल खाच पितळेच्या तुकड्यानं भरलेली. आणखी दोन खाचा तशाच भरलेल्या. अन् जिथं खाच नको तिथं दोन नव्या कोरलेल्या.

“कोण गाढव होता हा?” सांडू मोठ्यानं म्हणाला.

शेजारच्या दुकानातून जिलानी चाचांचा आवाज आला, “किसकू बोल रहे मियाँ? मेरेकू तो नक्को बोलो.”

जिलानी चाचा बुकबाइंडर. वय चौऱ्याऐंशी, कान पक्के, गुडघे कच्चे.

“तुमाला नाय चाचा. ह्या घड्याळाला हात लावणाऱ्याला.”

एक गोष्ट त्याला खटकली होती, हे खरं. काम गाढवाचं नव्हतं. तुकडे असे बसवलेले की सांधा नखाला लागत नव्हता. एवढा हात असलेला माणूस एवढी ढळढळीत चूक कशी करंल? सांडूनं तो प्रश्न थोडा वेळ डोक्यात ठेवला, अन् मग कानस उचलली. मंगळवारची दुपार अन् बुधवारचा बराच दिवस. फेब्रुवारीतला तुकडा शेक देऊन काढला. बाकीचे दोन काढले. नको असलेल्या दोन खाचा कथलानं भरून कानशीनं सारख्या केल्या. लीप वर्षाचं बारकं चाक गंजून बसलं होतं, तेही सोडवलं. काढलेले तीन तुकडे सवयीनं कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. बुधवारी चार वाजता त्यानं वर्ष पुन्हा फिरवलं. जानेवारी एकतीस. फेब्रुवारी अठ्ठावीस. चौथ्या फेरीला एकोणतीस! सांडूला इतका आनंद झाला की त्यानं पलीकडल्या चहावाल्याला दोन कट सांगितले अन् एक जिलानी चाचांना पाठवला.

चहा पिता पिता त्यानं महिन्यांचा रूळ पुसायला घेतला. खिडकीत महिना दाखवणारा तो लाकडी रूळ. त्यावर इंग्रजी नावांची कागदी पट्टी, हातानं लिहिलेली, पिवळी पडलेली. ओलं फडकं लागलं अन् पट्टीचं टोक सुटलं. खाली दुसरी पट्टी होती. काळ्या शाईची, बारीक, उजवीकडून डावीकडं लिहिलेली.

“चाचा,” सांडूनं हाक मारली, “जरा या.”

“तू आ. मेरे घुटने की छुट्टी है आज.”

सांडू रूळ घेऊन गेला. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला अन् गुणगुणल्यागत वाचलं, “आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी...” मग चष्म्यावरून सांडूकडं बघितलं. “अरे ये तो फसली महीने हैं मियाँ. निजाम के जमाने के. कचेरी इसीपे चलती थी. तनखा इसपे, लगान इसपे. मेरे अब्बा की पैदाइश फसली में लिखी हुई है.”

“बारा महिने?”

“बारा. मगर दिन अलग. अंग्रेजी से मेल नहीं खाते.”

सांडू रूळ हातात धरून उभा राहिला. फसली त्यानं बघितलं नव्हतं असं नाही. आज्याच्या नावचा जमिनीचा तुकडा गेला त्याच्या कागदावर ‘फसली सन’ लिहिलेलं त्याच्या बापानं दहा वेळा दाखवलं होतं. पण कागदावरचं फसली अन् अमेरिकेचं घड्याळ ह्यांची गाठ कुठं पडत असंल, असं त्याच्या डोक्यात कशाला येईल?

“म्हंजी त्या माणसानं चूक केलीच नव्हती,” तो म्हणाला.

“कौनसे आदमी ने?”

“ज्याला मी गाढव म्हणलो.”

चाचांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं अन् त्यांना कळलं. “तूने क्या किया, सांडू?”

“दुरुस्त केलं.”

“या अल्ला,” चाचा म्हणाले, अन् त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, तेव्हा सांडूलाच त्यांच्या पाठीवर हात फिरवावा लागला.

अमेरिकेचं चाक कुणीतरी इथं, ह्या मुलखात बसून, निजामाच्या महिन्यांवर चालवलं होतं. पुढं निजाम गेला, फसली गेलं, अन् पेशकारांनी वरून इंग्रजी पट्टी डकवली. चाकाला कुणी हात लावला नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ते घड्याळ फसलीचे दिवस मोजत इंग्रजी महिने दाखवत होतं, अन् घरचं माणूस महिनाअखेरी काटा हातानं सारत होतं. हे सगळं सांडूच्या ध्यानात आलं ते कानस लावून झाल्यावर.

गुरुवारी त्याची सून करुणा सुट्टीवर होती. तिनं दुकानात येऊन मोबाइल काउंटरवर उभा केला अन् व्हिडिओ कॉल लावला. तीन लाखांचं ऐकून रूपानं तिच्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतून पुण्याचे एक साहेब गाठले होते. जुनी घड्याळं जमवणारे, त्या नादापायी दोन फ्लॅट घड्याळांनी भरलेले. त्यांनी पेटी बघितली, फळीवरचा कागद बघितला, भोकं बघितली.

“पेटी चांगली आहे हो. यंत्र मूळचंच आहे. पण अशी घड्याळं मिळतात. अशा स्थितीतलं, खालची काच बदललेली, पस्तीस-चाळीस हजार. तीन लाख कोण म्हणालं तुम्हाला?”

“त्यांचा साडू.”

“साडूंना घेऊ द्या मग,” साहेब हसले. “आणखी काही विशेष?”

सांडूनं रूळ कॅमेऱ्यापुढं धरला. साहेब पुढं झुकले. मग त्यांचं तोंड पडद्यावर इतकं जवळ आलं की नुसतं नाक दिसायला लागलं.

“हे फसली आहे? नुसती पट्टी डकवलीय, का चाकसुद्धा त्या हिशोबानं कापलंय?”

“चाकसुद्धा.”

“शाबूत आहे? कुणी हात लावलेला नाही ना? काका, ते काम मूळ असेल तर मी अडीच लाख देतो. असं दुसरं मी बघितलेलं नाही. पण कुणी मधे खुडबुड केली असेल तर माझ्या लेखी ते पस्तीस हजारांचंच. नीट बघा अन् सांगा.”

“बघून सांगतो,” सांडू म्हणाला.

मोबाइल बंद करून करुणानं त्याच्याकडं बघितलं. “आबा, तुम्ही कालच तर...”

“घरी जा बाई. आईला सांग, जेवायला उशीर होईल.”

पुडीतले तीन तुकडे त्यानं कापडावर मांडले. शुक्रवारी ते परत जागच्या जागी बसवले. आपण भरलेल्या दोन खाचा पुन्हा मोकळ्या केल्या. आपण काय करतो आहोत हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. हात करत होते, करू दिले. संध्याकाळी भिंग लावून बघितलं, तर त्याचं त्यालाच कळंना की हे मंगळवारी होतं तसं आहे का वेगळं. तेच तुकडे, तीच जागा. खाचांना तीच खोली. कथील तेवढं नवं. तेही काजळी अन् तेल चोळून जुनं दिसायला अर्धा तास पुरला असता.

त्यानं काजळी हातात घेतली अन् ठेवून दिली. पुन्हा घेतली.

“चाचा, एक विचारू? एखाद्याचा दात पाडला, अन् तोच दात परत बसवला. तर तो त्याचाच दात ना?”

“खाने का है के बेचने का?”

“बेचने का.”

“तो मुँह बंद रख,” चाचा म्हणाले. “बंद मुँह में सब दाँत असली.”

पण तोंड बंद ठेवून काय साधणार होतं? अडीच लाख लिहिले तर रूपाला सव्वा लाख मिळतील, अन् घड्याळ पुण्याला जाईल. रूपाला सव्वा लाख नको होते काय? पोरगी बारावीला, पैसे कुणाला नको असतात? पण फोनवर ती म्हणाली होती (गावच्या नात्यानं सांडू तिचा मामा), ‘मामा, मला आजोबांचं घड्याळच पाहिजे. जमीन गेली तव्हा मी काही बोलले का?’ अन् खरं सांगितलं, तर घड्याळ पस्तीस हजारांचं होतं. मग ते रूपाला परवडत होतं. म्हणजे सांडूच्या चुकीनं रूपाचं भलं होत होतं. मग ती चूक सांगायची ती खरं म्हणून, का रूपाचं भलं म्हणून? अन् पुंजारामचा सव्वा लाख बुडतो, त्याचं काय? हा विचार जिथं सुरू व्हायचा तिथंच येऊन बसायचा. गावाच्या बसमध्ये कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं, तेव्हा सांडू ‘बुधवारी या’ म्हणाला.

रविवारी हर्सूलच्या घरी सगळे जमले. सगळे म्हणजे वच्छलाबाई पलंगावर, पुंजाराम खुर्चीत, रूपा खाली चटईवर. घड्याळ टीपॉयवर आडवं. काळजी होती म्हणून सांडू आज सोफ्यावर पार मागं सरकून बसला होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

“लिहिलं का, सांडूभाऊ?”

सांडूनं कागद काढला. त्यावर शिक्का होता. पेटी, फळी, काच, भोकं, सगळं ओळीनं. शेवटी एक ओळ त्यानं सकाळी बसमध्ये, हलत्या हातानं लिहिली होती. ती त्यानं वाचून दाखवली.

“खालचं चाक फसली महिन्यांसाठी केलेलं होतं. मी, सांडू, गैरसमजातून ते मंगळवारी-बुधवारी खोललं, कानस लावली, अन् शुक्रवारी परत बसवलं. आता ते मूळ काम म्हणता येत नाही.”

पुंजारामनं आधी आईकडं, मग रूपाकडं बघितलं.

“म्हंजी काय?”

सांडूनं सगळं सांगितलं. खाच, पट्टी, पुण्याचे साहेब, दोन्ही आकडे. एकही आकडा लपवला नाही. सांगताना आवाज मधेच चिरकला, तेव्हा त्यानं पाणी मागितलं. रूपानं आणून दिलं.

पुंजाराम उठून उभा राहिला. “म्हंजी मंगळवारी मी आणून दिलं तव्हा अडीच लाखाचं होतं, अन् आज पस्तीस हजाराचं?”

“व्हय.”

“मी तुम्हाला किंमत लिहायला सांगितली होती का दुरुस्त करायला?”

“किंमत लिहायला.”

“मग?”

“बंद घड्याळाची किंमत मला सांगता येत नाय, पुंजाराम. आजवर कधी सांगितली नाय.”

“हे भरून कोण देणार? तुमचं दुकान विकलं तरी येईल का एवढं?”

“नाय येणार,” सांडू म्हणाला. दुकान तर भाड्याचं होतं.

पुंजारामनं हॉलमध्ये दोन फेऱ्या मारल्या. लोकांकडून झालेला तोटा त्याला सहन व्हायचा. बावळट दिसणं सहन होत नव्हतं. साडूला तो कालच तीन लाख सांगून बसला होता. पस्तीसचे निम्मे साडेसतरा हजार. त्याच्यासाठी बहिणीच्या दारात जायचं, अन् वर साडूला ते सांगायचं?

“ने बाई ने,” तो रूपाला म्हणाला, “तुझंच हाये ते. सतरा हजारासाठी मी काय भिकेला लागलो का? उद्या म्हणशील, भावानं घड्याळात बी वाटा मागितला.” अन् तिथंच सांडूच्या कागदावर त्यानं आडवी सही केली: माझं काही म्हणणं नाही. मग फोन आल्यागत करून गच्चीवर निघून गेला.

सांडूला वाटलं, आता रूपा रडंल, नाहीतर चिडंल. दोन लाखांच्या वर वाटोळं केलं म्हणंल. तो ऐकून घ्यायच्या तयारीनं खाली मान घालून बसला.

रूपानं आधी जिन्याकडं बघितलं. गच्चीचं दार वाजल्याची खात्री केली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“मामा, तुम्ही तर कमाल केली!”

“काय?”

“अडीच लाखाचं पस्तीस हजारात बसवलं. अन् काय सांगितलं, काय सांगितलं! कानस लावली म्हणं! आवाज बी कसा कापू राहिला होता. मला तर एक घडी खरंच वाटलं.”

“रूपा, ते खरंच हाये. मी कानस लावली.”

“हो हो,” रूपा म्हणाली, अन् एक डोळा बारीक केला. “मी कुणाला सांगत नाही. पुण्याच्या साहेबांना बी नाही. मला विकायचंच नाही, तर किंमत कळून करायचं काय?”

“अगं पोरी, जिलानी चाचांना विचार. करुणाला विचार.”

“त्यांना बी सांगून ठेवलं का तुम्ही?” रूपा आणखी हसली.

पलंगावरून वच्छलाबाईनं हाक मारली, “सांडू, इकडं ये.”

तो गेला. तिनं उशीखालून एक पुडकं काढलं. टावेल अन् पांढरी टोपी, कोरी. त्या घरात सोयऱ्यांना अन् पाव्हण्यांना आहेर करायचे. सांडूच्या घरातल्या कुणाला तो कधी झाला नव्हता.

“आक्का, हे कशाला?”

“टोपी घाल आधी.” तिनंच हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवली. “तू कधी खोटं बोलत नाय, हे मला ठावं हाये. मह्या लेकीसाठी आज बोलला. एवढा मोठा बट्टा स्वतःच्या नावाला लावून घेतला.”

“आक्का, मी खोटं बोललो नाय. तुझ्या बापाच्या घड्याळाची मी खरंच वाट लावली. देवाशप्पथ... बाबासाहेबांची शप्पथ.”

“व्हय रे व्हय,” वच्छलाबाई म्हणाली, अन् त्याच्या हातावर थोपटलं. पोरगं स्वप्नातून दचकून उठल्यावर थोपटतात, तसं. “कळलं मला. जा आता. उशीर झाला तर बस चुकंल.”

रिक्षा आली. रूपानं घड्याळ मांडीवर घेतलं, लंबक वेगळा काढून पर्समध्ये ठेवला. सांडू फाटकापर्यंत गेला. एकदा अजून सांगून बघावं, असं त्याच्या मनात होतं. पण सांगायचं काय? कागदावर तर सगळं लिहून, शिक्का मारून, सही घेऊन झालं होतं. ह्याच्याहून जास्त खरं कसं सांगतात, ते त्याला येत नव्हतं.

“मामा,” रूपा रिक्षातून म्हणाली, “ह्याच्यावर आज कोणती तारीख लावायची? इंग्रजी का तुमची ती दुसरी?”

“मला इचारू नको बाई,” सांडू म्हणाला.

तीही रूपाला गंमतच वाटली. रिक्षा वळेपर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं. सांडू डोक्यावरची टोपी काढावी का राहू द्यावी, ह्याचा विचार करत रस्त्याच्या कडेला उभा राहिला. समोरून फुलंब्रीची बस आली, थांबली, अन् त्याला न घेता निघून गेली.